देशाच्या मध्यावर, राज्याच्या टोकाला

नागपूरबद्दल गुंतवणूकदारांसमोर जे सादरीकरण होते, त्याची पहिली चौकट ठरलेली असते. भारताचा नकाशा, मधोमध लाल ठिपका आणि त्या ठिपक्यापासून दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नईकडे निघालेल्या चार रेषा. त्याखाली ओळ असते की हे शहर चारही महानगरांपासून सारख्याच अंतरावर आहे. झिरो माइलच्या खांबाचे छायाचित्र सोबतीला असतेच. १९०७ साली सर्वेक्षण खात्याने तिथे उंची मोजण्याची प्रमाण खूण बसवली आणि लोकांच्या मनात ती जागा देशाचा मध्यबिंदू म्हणून कायमची रुजली.

नकाशा ढोबळमानाने खरा आहे. मात्र त्यातून काढला जाणारा निष्कर्ष तपासायला हवा. चारही महानगरांपासून सारखे अंतर म्हणजे चारही महानगरांपासून लांब. रस्त्याने दिल्ली सुमारे १,०५० ते १,१०० किलोमीटर, कोलकाता आणि चेन्नई त्याहून थोडी जास्तच, मुंबई ८०० च्या घरात. मालट्रक आपल्याकडे दिवसाला सरासरी ३०० ते ३५० किलोमीटर कापतो. म्हणजे समृद्धी महामार्गाने मुंबईकडे धावणारी जलद गाडी सोडली तर या चारपैकी एकाही बाजारपेठेत नागपूरचा माल दुसऱ्या दिवशी पोहोचत नाही. तिसरा, चौथा दिवस उजाडतो. मध्यवर्ती असणे हा आपोआप मिळणारा फायदा आहे, हे गृहीत धरून या शहराने गेली तीस वर्षे स्वतःची जाहिरात केली. हा फायदा नेमका कोणत्या मालाला, कोणत्या अटीवर आणि किती मिळतो, हे मांडले गेले नाही. ते मांडल्याशिवाय मिहान हा विमानतळालगतचा उद्योग आणि मालवाहतूक प्रकल्प, समृद्धी महामार्ग आणि विमानतळाची नवी धावपट्टी यांतून काय मागायचे तेच कळणार नाही.

आधी आकडेमोड. समजा एखादी कंपनी महिन्याला १,००० टन माल विकते. त्यातला ३५० टन मुंबई-पुणे पट्ट्यात, ३०० टन दिल्ली परिसरात, २०० टन बंगळुरू-चेन्नईकडे, १०० टन कोलकात्याकडे आणि ५० टन विदर्भ, छत्तीसगड, मध्य प्रदेशात. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण देशातली खरेदीची ताकद साधारण अशीच पसरली आहे. एकच गोदाम नागपुरात ठेवले तर टन गुणिले किलोमीटर असा हिशेब मुंबई-पुण्यासाठी २ लाख ८० हजार, दिल्लीसाठी ३ लाख १५ हजार, दक्षिणेसाठी २ लाख २० हजार, कोलकात्यासाठी १ लाख १३ हजार आणि जवळच्या भागासाठी १५ हजार होतो. बेरीज ९ लाख ४३ हजार टन-किलोमीटर. तेच गोदाम भिवंडीत ठेवले तर मुंबई-पुण्याचे ओझे २८ हजारांवर येते. दिल्लीचे वाढून ४ लाख २० हजार, दक्षिणेचे २ लाख ३० हजार, कोलकात्याचे १ लाख ९० हजार आणि विदर्भ-छत्तीसगडचे ४० हजार होते. बेरीज ९ लाख ८ हजार. म्हणजे देशाच्या काठावर बसलेली भिवंडी देशाच्या मध्यावरच्या नागपूरपेक्षा स्वस्त पडली. त्यात कारखाना गुजरातेत असेल किंवा माल बंदरावर उतरत असेल, तर तो आधी नागपूरपर्यंत आणण्याचा खर्च वेगळाच.

याचे कारण सोपे आहे. भूगोलाचा मध्य आणि बाजाराचा मध्य या दोन वेगळ्या जागा आहेत. बाजाराचा मध्य पैशाच्या वजनाने सरकतो आणि आपल्या देशात ते वजन पश्चिम, उत्तर आणि दक्षिणेच्या कडांना आहे.

पण याच हिशेबात दुसरी एक गोष्ट आहे आणि नागपूरची खरी ताकद तिथे आहे. भिवंडीहून सर्वांत लांबचे गिऱ्हाईक कोलकात्याला, १,९०० किलोमीटरवर. नागपूरहून सर्वांत लांबचे गिऱ्हाईक ११५० किलोमीटरच्या आत. मध्यावरची जागा एकूण खर्च कमी करीलच असे नाही, पण सर्वांत लांबच्या गिऱ्हाइकाला जी वाट पाहावी लागते ती मात्र हमखास कमी होते. ज्या मालात सरासरी भाडे महत्त्वाचे, तो माल नागपुरात ठेवण्यात अर्थ नाही. ज्या मालात एकही गिऱ्हाईक ताटकळत राहून चालत नाही, त्या मालासाठी देशात याहून चांगली जागा नाही. खाणीतल्या यंत्राचा सुटा भाग, वीज केंद्राचा बेअरिंग, हंगामाच्या आठ-दहा दिवसांत पोहोचायलाच हवे असे बियाणे, तातडीची औषधे, रुग्णालयातल्या उपकरणाचा बोर्ड, हा सगळा त्या वर्गातला माल. साबण, टाइल्स आणि निर्यातीचा तांदूळ त्या वर्गात येत नाहीत.

हे तत्त्व या शहरात एकदा प्रत्यक्ष राबवले गेले होते आणि त्याचा विसर पडणे हे मोठे नुकसान आहे. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री डाकोटा विमाने निघत आणि मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीवर जमत. तिथे टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल होई आणि विमाने आपापल्या शहरी परतून सकाळी उतरत. संध्याकाळी मद्रासला टाकलेले पत्र सकाळी दिल्लीत. सरळ रेषेत नागपूरहून मुंबई सुमारे ६९०, दिल्ली ८५०, मद्रास ९०० आणि कलकत्ता ९७० किलोमीटर आहे. ताशी पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरच्या डाकोटाला सर्वांत लांबचे अंतर साडेतीन तासांत गाठता येई, म्हणून एका रात्रीत जाऊन येणे बसत होते. अमेरिकेत मेम्फिस शहरातून हीच पद्धत खासगी पार्सलसाठी एप्रिल १९७३ मध्ये सुरू झाली. चौदा छोटी विमाने होती आणि पहिल्या रात्री १८६ पार्सले गेली. आज मेम्फिसचा विमानतळ जगातल्या सर्वांत मोठ्या मालवाहतूक तळांपैकी एक आहे. नागपूरने हे काम चोवीस वर्षे आधी केले होते. पुढे थेट उड्डाणे वाढली, वेगवान विमाने आली आणि सत्तरच्या दशकात ही सेवा बंद पडली.

त्या सेवेचे यश जागेमुळे जितके, तितकेच वेळापत्रकामुळे होते. चारही विमाने ठरलेल्या तासाला येत होती, म्हणून अदलाबदल होत होती. एक जरी दोन तास उशिरा आले असते तर उरलेली तीन खोळंबली असती. केंद्र जागेने सुचते, पण उभे राहते ते ठरलेल्या वेळी येण्याजाण्याने. हे लक्षात घेऊन आजच्या रस्त्याकडे, रेल्वेकडे आणि विमानतळाकडे पाहिले तर नेमके कुठे अडते ते दिसते.

त्याआधी राज्यकारभाराच्या भूगोलाचा विचार करायला हवा. १९५६ पर्यंत नागपूर ही आधी मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि नंतर जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होती. रायपूर, बिलासपूर, जबलपूर, अमरावती अशा सगळ्या बाजारांचे तोंड नागपूरकडे होते आणि नागपूरच्या इतवारी बाजारातल्या किराणा आणि कापडाच्या घाऊक पेढ्या त्या आधारावर उभ्या राहिल्या. राज्य पुनर्रचनेनंतर शहर देशाच्या मध्यावरच राहिले, पण राज्याच्या टोकाला गेले. मध्य प्रदेशची हद्द साठ-सत्तर किलोमीटरवर आणि मुंबई आठशेवर. २००० साली छत्तीसगड झाले, रायपूर राजधानी झाले आणि इतवारीच्या गिऱ्हाइकांचा मोठा वर्ग तिकडे वळला. रेल्वेचेही तसेच. मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे या दोघांचेही विभागीय कार्यालय नागपुरात आहे, पण झोनचे मुख्यालय एकाचे मुंबईत आणि दुसऱ्याचे बिलासपुरात. हद्दीवरच्या शहराला दोन घरचा पाहुणा उपाशी राहण्याचा अनुभव नवा नाही.

देशाच्या मोठ्या वाहतूक योजनांनीही मध्यभागाला वळसाच घातला. सुवर्ण चतुष्कोन दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता जोडतो आणि नागपूर त्या चौकोनाच्या पोटात राहते. उत्तर-दक्षिण महामार्ग नागपुरातून जातो खरा, पण पूर्व-पश्चिम महामार्गाशी त्याची गाठ झाशीला पडते. पश्चिमेचा समर्पित मालवाहतूक रेल्वेमार्ग दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर, पूर्वेचा लुधियाना ते सोननगर. दोन्ही शेकडो किलोमीटर दूरून जातात. इटारसी-विजयवाडा आणि पालघर-डानकुणी हे प्रस्तावित मार्ग मात्र याच भागातून जाणारे आहेत. खासदारांनी आणि व्यापारी संघटनांनी सगळे बळ त्यासाठी लावायला हवे होते. त्याऐवजी दर अधिवेशनात आणखी एका प्रवासी गाडीची मागणी होते, आणि ती गाडी त्याच भरलेल्या रुळांवर धावते.

रुळ किती भरले आहेत हे वर्धा-नागपूर पट्ट्यात कळते. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या दोन्ही मुख्य मार्गांचा भार तिथे एकत्र येतो. त्यावर वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या) खाणींतून वीज केंद्रांकडे जाणारा कोळसा. प्रवासी गाडीला प्राधान्य, कोळशाला निकड, मग कंटेनरच्या गाडीला बाजूच्या लूप लाइनवर उभे राहावे लागते. तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेचे काम जितके लांबेल तितका हा भुर्दंड चालू राहील. देशात मालगाडीचा सरासरी वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास राहिला आहे, त्यामागे असे खोळंबेच आहेत.

कंटेनर गाडीचे गणित निर्यातदाराला पाठ असते. एका गाडीला ४५ वॅगन, म्हणजे वीस फुटी ९० कंटेनर. मिहान आणि बोरखेडीच्या आगारांत माल भरून, सीमाशुल्काचा सोपस्कार पुरा करून पेट्या तयार ठेवता येतात. पण गाडी भरल्याशिवाय सुटत नाही. साठ पेट्या जमल्या, तीस यायच्या आहेत, मग दोन दिवस थांबा. दरम्यान बंदरावर जहाजाची कट-ऑफची, म्हणजे माल स्वीकारण्याची शेवटची, वेळ निघून जाते. पेटी पुढच्या जहाजाला, बंदरावर जागेचे भाडे, पेटीचे डिटेन्शन (ती उशिरा परत केल्याचा दंड) आणि परदेशातल्या गिऱ्हाइकाची नाराजी, हे सगळे विदर्भातल्या गिरणीवाल्याच्या माथी. एकदा असे झाले की तो पुढच्या खेपेला ट्रेलर करून सरळ रस्त्याने न्हावा शेव्याला पाठवतो, आणि गाडीला आणखी एक पेटी कमी पडते. हे चक्र तोडायचे तर भरलेली असो वा अर्धी, आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी ठरलेल्या तासाला सुटणारी गाडी हवी. पहिले वर्षभर तिला तोटा होईल. रिकाम्या वॅगनांचा तो तोटा राज्य सरकारने उचलावा. उड्डाणपुलांवर जे खर्च होते त्याच्या तुलनेत ही रक्कम फार लहान आहे. दुसऱ्या वर्षी खात्री पटलेला माल आपोआप येतो.

रस्त्याच्या बाबतीत नागपूर नशीबवान आहे. श्रीनगर-कन्याकुमारी राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि सुरतेकडून ओडिशाच्या किनाऱ्याकडे जाणारा ५३ इथे एकमेकांना छेदतात आणि ४७ बैतूलकडे निघतो. हैदराबाद ५०० किलोमीटर, रायपूर २९०, भोपाळ ३५०, जबलपूर २७०. हे वर्तुळ खरे महत्त्वाचे आहे, कारण इथला माल एका रात्रीत किंवा दीड दिवसात पोहोचतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर या वर्तुळाला पहिल्यांदा अर्थ आला. त्याआधी आंतरराज्य विक्रीवर केंद्रीय विक्रीकर लागायचा. तो वाचवण्यासाठी कंपन्या प्रत्येक राज्यात एक छोटा डेपो ठेवून त्याला मालाची बदली दाखवत. रायपूरला एक, भोपाळला एक, हैदराबादला एक, नागपूरला एक, आणि चारही अर्धे रिकामे. करासाठीच्या डेपोचे कारण संपल्यावर चार राज्यांना एका मोठ्या गोदामातून माल देता येऊ लागला. नागपूरच्या आसपास गोदामांची मागणी वाढली ती याच कारणाने. लाल ठिपक्याच्या जाहिरातीने ती वाढली नव्हती.

समृद्धी महामार्गाचे स्वागत करताना मात्र एक गोष्ट स्पष्टपणे बोलायला हवी. रस्त्याला दोन टोके असतात. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत आणि ५ जून २०२५ ला आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला. आमणे भिवंडीला लागून आहे, आणि भिवंडी हा देशातल्या गोदामांच्या सर्वांत मोठ्या पट्ट्यांपैकी एक. पूर्वी मुंबईहून नागपूरला माल पोहोचायला दोन-तीन दिवस लागत, म्हणून कंपन्यांना नागपुरात साठा ठेवावाच लागे. आता अवजड वाहनाने ताशी साठची सरासरी राखली तर बारा तासांत माल दारात. मग विदर्भापुरता साठा नागपुरात ठेवायचा कशाला, असा प्रश्न भिवंडीतला व्यवस्थापक विचारणारच. जलद रस्ता मोठ्या बाजाराला लहान बाजाराच्या अंगणात आणून सोडतो. ज्या गोदामाचे गिऱ्हाईक फक्त नागपूर आणि अमरावती आहे, ते गोदाम समृद्धीमुळे बंद पडू शकते. ज्याचे गिऱ्हाईक रायपूर, जबलपूर, आदिलाबादपर्यंत आहे ते टिकेल आणि वाढेल. म्हणून समृद्धीचा फायदा नागपूरला मिळणे हे पूर्वेकडच्या आणि उत्तरेकडच्या रस्त्यांवर अवलंबून आहे. त्या रस्त्यांनी किती त्रास दिला हे नागपूर-सिवनी मार्गाने दाखवून दिले. पेंचच्या वाघांच्या भ्रमणमार्गावरून वर्षानुवर्षे खटले चालले, काम रखडले, आणि अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत वन्यप्राण्यांना खालून जाता येईल अशा नऊ रचना उभारून रस्ता झाला. त्या रचना पहिल्या दिवशीच आराखड्यात घेतल्या असत्या तर वाघांचेही भले झाले असते आणि वाहतुकीचीही कित्येक वर्षे वाचली असती.

टोलचा हिशेबही पाहावा. समृद्धी सुरू झाली तेव्हा दोन आसांच्या ट्रकला किलोमीटरला ५ रुपये ८५ पैसे दर होता. त्या दरानेही पूर्ण मार्गाला एका बाजूने ४,१०० रुपये होतात आणि एप्रिल २०२५ पासून दर वाढले आहेत. फळे, औषधे, ई-कॉमर्सचा माल हा खर्च सोसतो, कारण वाचलेल्या वेळेला किंमत आहे. सिमेंट, सळ्या, धान्य वाहणारा मालक जुन्या रस्त्यानेच जातो. पल्ला मोठा असल्याने चालकाच्या विश्रांतीची सोय हा चैनीचा विषय नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात बस पेटून २५ जणांचा जीव गेला, तेव्हा या रस्त्यावरच्या सुरक्षेकडे आणि सोयींच्या टंचाईकडे सगळ्यांचे लक्ष गेले. आधी रस्ता आणि मग कधीतरी पंप, स्वच्छतागृह, झोपायची जागा, हा क्रम चुकीचा होता आणि आहे.

आता परतीच्या भाड्याकडे वळू. वाहतूकदारांशी दहा मिनिटे बोलले तरी हा शब्द दहा वेळा येतो, आणि धोरणाच्या कागदांत तो जवळजवळ नसतो. विदर्भात तयार माल येतो भरपूर, जातो कमी. जो जातो तो हंगामी. नोव्हेंबर ते मार्च कापसाच्या गाठी, सोयाबीनची ढेप, संत्री, गोंदिया-भंडाऱ्याचा तांदूळ. जुलै-ऑगस्टमध्ये नागपूरलगतच्या वाडीच्या ट्रक अड्ड्यावर गाड्या भाड्यासाठी तिष्ठत उभ्या असतात. हैदराबादहून माल घेऊन आलेला दहा चाकी ट्रक रिकामा परतला तर लिटरला पाच किलोमीटर धरून १०० लिटर डिझेल, म्हणजे नऊ हजारांच्या आसपास, शिवाय टोल, चालकाचा भत्ता, टायरची झीज. हा पैसा मालक स्वतः सोसत नाही. तो नागपूरला येतानाच्या भाड्यात आधीच धरतो. म्हणून मध्यावरच्या शहराला येणारा माल महाग पडतो. इलाज एकच, इथे काहीतरी तयार झाले पाहिजे, आणि ते बाराही महिने. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतींचे आरोग्य हा वाहतुकीचाच प्रश्न आहे. विजेचा दर शेजारच्या राज्यांपेक्षा जास्त ही तिथल्या उद्योजकांची जुनी तक्रार ऐकून घेतली, तर ट्रकचे परतीचे भाडेही सुधारेल.

संत्र्याचे उदाहरण याबाबत डोळे उघडणारे आहे. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी हा संत्र्याचा पट्टा महामार्गांच्या आणि रेल्वेच्या कुशीत आहे. तरी शेतकऱ्याला भाव मिळत नाही, कारण नागपुरी संत्र्याची साल सैल आणि फळ नाजूक. ट्रकमध्ये सुटे ओतून थरावर थर रचले की खालचे दबते, आतून उष्णता धरते आणि चौथ्या दिवशी बुरशी. प्रतवारी, मेणाचा थर, कागदी खोके आणि सुरुवातीपासून थंडावा ही साखळी मिळाली तर तेच फळ आठवडे टिकते. ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूरहून दिल्लीकडे किसान रेल्वेने संत्री गेली, भाड्यात निम्मी सवलत होती. सवलत संपली आणि ती वाटही आटली. मोठा गिऱ्हाईक बांगलादेश, त्याने आयात शुल्क वाढवत नेले आणि आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या, फळाचा भाव कोसळला. दहा किलोमीटरवर महामार्ग असून उपयोग नाही, गावात प्रीकूलिंगची, म्हणजे तोडलेले फळ लगेच थंड करण्याची, खोली नसेल तर.

गोदामांचे म्हणाल तर वाडी, गोंडखैरी, कापसी या भागांत पत्र्याचे शेड खूप आहेत आणि नव्या दर्जाची गोदामे कमी. मोठी कंपनी गोदाम पाहायला येते तेव्हा तिच्या याद्या ठरलेल्या असतात. आतली उंची किमान ३० ते ४० फूट, म्हणजे रॅक चार-पाच मजले चढते. फरशी चौरस मीटरला पाच टन पेलणारी, कारण फोर्कलिफ्टचे चाक एकाच जागी भार देते. माल चढवण्याचा ओटा जमिनीपासून सुमारे १.२ मीटर आणि त्यापुढे चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर एका दमात वळेल इतके अंगण. छतात आग विझवणारे फवारे, पाण्याची स्वतंत्र टाकी, अग्निशमन दलाचे ना हरकत पत्र. आणि जमीन अकृषक झालेली, नकाशा मंजूर असलेला. यातले शेवटचे दोन कागद नसल्याने अनेक चांगल्या जागा नाकारल्या जातात, कारण त्यांच्याशिवाय विमा मिळत नाही. बांधकाम झाले, कागद नंतर नियमित करू, ही सवय या भागाला महाग पडली आहे. गुंठेवारीतल्या अरुंद गल्लीत ट्रेलर अडकला की पाच तासांचा खोळंबा आणि हॉल्टिंगचे पैसे.

नागपूरचा उन्हाळा कुणी जाहिरातीत लिहीत नाही, पण गोदाम चालवणाऱ्याला तो आधी आठवतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंशांच्या वर पारा असताना साध्या पत्र्याखाली त्याहून जास्त तापते. चॉकलेट, सौंदर्यप्रसाधने, बियाणे, बहुतेक औषधे, डिंक आणि रंग, सगळे यात खराब होते. औषधांच्या वेष्टनावर २५ किंवा ३० अंशांच्या खाली ठेवा असे छापलेले असते. छताला उष्णतारोधक थर, वर वारा खेचणारे पंखे आणि औषधांसाठी पूर्ण वातानुकूलित कक्ष हा खर्च इथे बंगळुरूपेक्षा जास्त येतो, वीजबिलही. ज्या मालाला नागपूरची जागा सर्वांत जास्त उपयोगी, तोच माल उष्णतेला सर्वांत नाजूक, ही इथली खरी अडचण आहे. ती सोडवायला विजेच्या दरात शीतगृहांसाठी वेगळा वर्ग आणि छतावरच्या सौरऊर्जेला अडथळा नसणे, एवढे केले तरी फरक पडेल. ऊन इथे भरपूर आहे, ते कामाला लावावे.

विमानतळाचा विषय निघाला की मिहानचे नाव येते. २००२ मध्ये त्यासाठी विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली, शिवणगाव, खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही, जयताळा परिसरातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि मालवाहतुकीचे आंतरराष्ट्रीय केंद्र उभे राहील असे सांगितले गेले. आज तिथे सॉफ्टवेअर कंपन्या आहेत, एम्स आहे, विमान दुरुस्तीचे कारखाने आहेत, मालवाहू विमानांचा अड्डा मात्र नाही. दुरुस्तीचे केंद्र हे मध्यवर्ती जागेचे अचूक उदाहरण आहे. देशातल्या कुठल्याही मोठ्या शहरातून विमान दीड-दोन-अडीच तासांत इथे येते, म्हणून बोइंगने बांधलेला आणि २०१५ मध्ये तेव्हाच्या सरकारी एअर इंडियाच्या ताब्यात दिलेला हँगर इथे शोभतो. याच धर्तीवर विमानांच्या सुट्या भागांचा साठा, इंजिनांची देखभाल, चाके आणि ब्रेकची दुरुस्ती हे उद्योग ओढून आणायला हवेत.

मालवाहतुकीचे केंद्र का झाले नाही, याचे उत्तर वेळापत्रकाच्या गोष्टीत आहे. मध्यरात्री दहा-बारा विमाने एकाच वेळी उतरवायची, दोन तासांत पार्सलांची वर्गवारी करून पुन्हा उडवायची, तर एक धावपट्टी आणि जुने उभे राहण्याचे तळ पुरत नाहीत. दुसरी धावपट्टी आणि नवे टर्मिनल खासगी विकासकाच्या करारात होते. २०१९ मध्ये बोली स्वीकारली, मार्च २०२० मध्ये सरकारने ती रद्द केली, २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द करण्याचा निर्णय चुकीचा ठरवला, तरी प्रकरण क्युरेटिव्ह, म्हणजे निकालाच्या शेवटच्या फेरतपासणीच्या, याचिकेपर्यंत नेले गेले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते संपले. पाच वर्षे. त्या काळात ई-कॉमर्सच्या मोठ्या कंपन्यांनी आपली जाळी विणली आणि त्यांतले मोठे तळ दुसऱ्या शहरांत बसले. जाळे एकदा विणले की गाठ हलवणे फार खर्चिक असते.

म्हणून आता मागायचे ते नेमके मागावे. रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात मालवाहू विमानांना उतरण्याचे आणि उभे राहण्याचे शुल्क पहिली पाच वर्षे नाममात्र ठेवावे आणि सीमाशुल्काचे कर्मचारी त्या वेळेत हजर असावेत. रस्त्याने येणाऱ्या पार्सलसाठी खापरी किंवा बुटीबोरीच्या बाजूला एकच मोठे वर्गवारी केंद्र असावे आणि तिथून बाह्य वळण रस्त्याने चारही महामार्ग सिग्नलशिवाय गाठता यावेत. आज अमरावती रोडवरून जबलपूरकडे जाणारी गाडी शहरातल्या अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळेत सापडली तर वाडीला अर्धा दिवस उभी राहते. ई-वे बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते. ती संपण्याआधी किंवा संपल्यावर आठ तासांच्या आत वाढवून घेतली नाही तर पुढच्या तपासणीत दंड. एका चौकातली कोंडी अशी कागदावर उतरते आणि व्यापाऱ्याच्या खिशातून वसूल होते.

वाडी आणि कापसीत हजारो ट्रक थांबतात, पण सरकारी म्हणावे असे सुसज्ज ट्रक टर्मिनल तिथे उभे राहिले नाही. काटा, दुरुस्तीची गॅरेज, न्हाणीघर, स्वस्त जेवण, रात्री झोपायला स्वच्छ खाट, चोरी होणार नाही असे कुंपण आणि परतीचे भाडे दिसणारा फलक, एवढ्याची गरज आहे. पन्नास एकर जमिनीत ते बसते. महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ही जमीन विकास आराखड्यात राखून ठेवावी, आणि पुढच्या गुंतवणूक परिषदेच्या आधी तिचा ताबा घ्यावा.